पाटन दरबार स्क्वेअर पायी पाहताना: आधी काय, नंतर काय आणि आपण चुकतो कुठे

‘पाटन? हो, पाहिलं की! पाऊण तासात झालं,’ असं सांगणारी मंडळी मला दर दिवाळीच्या सुट्टीनंतर भेटतात. पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा असं सगळं उरकून सहलीच्या शेवटच्या दिवशी बस मंगलबजारच्या, म्हणजे पाटन दरबार स्क्वेअरच्या दक्षिणेकडच्या बाजाराच्या, तोंडाशी थांबते. भर दुपारी सगळे उतरतात, कृष्ण मंदिरापुढे ग्रुप फोटो होतो, कोणीतरी कबुतरांना दाणे टाकतं आणि बस सुटते.

जागा मुळात मोठी नाही. उत्तर-दक्षिण पसरलेलं लांबट मैदान, पूर्वेला राजवाडा, पश्चिमेला देवळांची रांग. देवळांची तोंडं पूर्वेला असल्यामुळे सकाळचं ऊन देवळांवर पडतं आणि संध्याकाळचं राजवाड्यावर. म्हणून देवळं सकाळी, राजवाड्याचं अंतरंग दुपारी, राजवाड्याचा दर्शनी भाग संध्याकाळी. बहुतेक जण याच्या बरोबर उलट करतात, किंवा सगळंच बारा वाजता करतात.

खाली दिलेला क्रम एका पूर्ण दिवसाचा आहे. अर्धाच दिवस असेल तर पहिले पाच टप्पे करा आणि बाकीचे सोडून द्या. सगळं थोडं थोडं चाटत फिरू नका.

एक खुलासा. हे साताऱ्याचं पाटण नव्हे आणि गुजरातचंही नव्हे. काठमांडू खोऱ्यातलं, बागमतीच्या दक्षिणेचं पाटन. सरकारी नाव ललितपूर, आणि तिथले नेवार लोक त्याला ‘यल’ म्हणतात.

टप्पा १: घरून निघण्याआधी

ओळखपत्र. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, म्हणून आपण कागदपत्रांबाबत जरा सैल असतो. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, तेही मूळ प्रत. १५ ते ६५ या वयात आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. हेच ओळखपत्र त्या दिवशी खिशातही हवं, कारण स्क्वेअरच्या तिकिटाचा सार्क देशांसाठी वेगळा आणि बराच कमी दर असतो. तुम्ही भारतीय आहात हे तोंडानं सांगून प्रत्येक वेळी भागत नाही.

चपला-बूट. घालायला-काढायला सोपे, जुने, आणि कातडी नसलेले. दिवसात पाच-सहा वेळा तरी काढावे लागतात. कातडी पट्टा, कातडी पर्सही त्या दिवशी हॉटेलातच ठेवा; कारण टप्पा ६ मध्ये येईल. थंडीत जात असाल तर जाड मोजे दोन जोड न्या. सकाळी सातला दगडी फरशीवर अनवाणी उभं राहिलं की पोटऱ्यांपर्यंत गारठा चढतो.

पैसे. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर बांधलेला आहे. गोंधळ दराचा नसतो, बोलण्याचा असतो. दुकानदार ‘पाचशे’ म्हणाला तर विचारायचं, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. हा एक प्रश्न न विचारल्यामुळे लोक दीडपटीहून जास्त पैसे मोजून येतात आणि वर ‘नेपाळ महाग झालंय’ म्हणतात. चहा, चप्पल ठेवणं, दक्षिणा यांसाठी नेपाळी सुट्टे पैसे आदल्या दिवशीच करून ठेवा.

वार. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची. त्या दिवशी देवळांत स्थानिक गर्दी असते, स्क्वेअर भरलेला असतो. माणसं पाहायची हौस असेल तर शनिवार उत्तम, कोरीवकाम पाहायचं असेल तर दुसरा कुठलाही वार. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. कृष्णाष्टमीला मात्र कृष्ण मंदिरासाठी लांबच लांब रांग लागते. त्या दिवशी हा लेख उपयोगाचा नाही.

*तपासा:* घड्याळ १५ मिनिटं पुढे केलंत का? नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे आहे. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

टप्पा २: पाच शब्द पाठ करा

नेपाळी देवनागरीत लिहितात, ही आपली मोठी सोय. ‘प्रवेश निषेध’ कळतं, ‘जुत्ता फुकाल्नुहोस्’ वाचल्यावर निदान जुत्ता तरी कळतो. पण नेवारांच्या शहरात काही शब्द असे आहेत की ते माहीत नसतील तर समोरची वस्तू दिसूनही दिसत नाही.

हिटी म्हणजे जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जायचा पाणवठा, ज्यात दगडी मुखांतून पाणी पडतं. नेपाळीत याला ‘ढुंगे धारा’ म्हणतात, कारण तिकडे ढुंगा म्हणजे दगड. बरोबर मुलं असतील तर हे आधीच सांगून हसून घ्या, तिथे पाटी वाचताना नको. पाटी म्हणजे वाटसरूंना टेकायला बांधलेला उघडा ओटा, वर छप्पर. बहाल म्हणजे बौद्ध विहाराचं चौरस अंगण. टुंडाल म्हणजे देवळाच्या छपराला खालून तिरका आधार देणारा कोरीव लाकडी टेकू. झ्याल म्हणजे खिडकी.

सहावा शब्द शिकावाच लागत नाही: चोक. राजवाड्याच्या आतलं, चारी बाजूंनी इमारतीनं वेढलेलं अंगण. आपल्या वाड्यातला चौक तो हाच. म्हणून या लेखात बाहेरच्या मोठ्या मोकळ्या जागेला स्क्वेअर म्हटलंय आणि आतल्या अंगणांना चोक.

पाट्यांवरच्या सालांचंही एक गणित आहे. साध्या फलकावर २०७२ दिसलं तर ते विक्रम संवत. ५७ वजा करा, म्हणजे २०१५ (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६). जुन्या शिलालेखावर तीन आकडी साल असेल तर ते बहुधा नेपाळ संवत. त्यात ८८० मिळवा, एखाद्या वर्षाचा फरक पडतो. कृष्ण मंदिराचं साल ७५७, म्हणजे इसवी १६३७. हे माहीत नसलं की लोक ‘बाराशे वर्षांपूर्वीचं’ असं बिनधास्त ठोकून देतात.

टप्पा ३: पोहोचायचं कुठे

सगळ्यात जास्त फसवणारी पायरी ही, आणि फसवणारं कोणी नसतं, आपणच फसतो. काठमांडू खोऱ्यात दरबार स्क्वेअर तीन आहेत: काठमांडूचा, पाटनचा आणि भक्तपूरचा. १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत खोऱ्यातली जी सात ठिकाणं एकत्र गेली, त्यांत हे तिन्ही आहेत. ठमेलमध्ये, म्हणजे काठमांडूच्या पर्यटकांच्या वस्तीत, उभं राहून टॅक्सीवाल्याला नुसतं ‘दरबार स्क्वेअर’ म्हटलं तर तो काठमांडूच्याच, म्हणजे वसंतपूरच्या स्क्वेअरला नेणार. त्याचं काय चुकलं? मी पहिल्या वेळी आत्याला घेऊन गेले तेव्हा हेच झालं. तिकीट काढलं, आत शिरले, कृष्ण मंदिर शोधत अर्धा तास हिंडले. शेवटी आत्यानंच पाटी वाचली आणि म्हणाली, ‘अगं, हे हनुमान ढोका आहे. तू मला आणलंयस कुठे?’

म्हणून टॅक्सीवाल्याला ‘पाटन ढोका’ सांगा किंवा गाडी बोलवायच्या पठाओ अॅपवर तेच टाका. ढोका म्हणजे दरवाजा, वेस. थेट मंगलबजारला उतरू नका. मंगलबजारला उतरलं की तुम्ही दक्षिणेच्या बाजूनं, गाड्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानांच्या गोंगाटातून एकदम मोठ्या देवळांवर येऊन आदळता. पाटन ढोक्यापासून दहा-पंधरा मिनिटं चालत गल्ल्यांतून आलात की शहर हळूहळू उलगडतं आणि तुम्ही स्क्वेअरच्या उत्तर टोकाला निघता. तिथूनच सुरुवात करायची आहे.

वाट विचारताना ‘स्वथ’ विचारा. स्वथ हा स्क्वेअरच्या अलीकडचा छोटा चौक, त्यात तीन छपरांचं राधाकृष्ण मंदिर आहे. तरुणाला ‘भाइ’, वयस्कर माणसाला ‘दाइ’, बायकांना ‘दिदी’ म्हणा. ‘दाइ, स्वथ कता हो?’ एवढं पुरतं.

*इशारा:* गल्लीत मोटारसायकली मागून येतात आणि हॉर्न वाजवतीलच असं नाही. वर खिडक्या पाहायच्या असतील तर आधी भिंतीला लागून उभे राहा.

*तपासा:* सहा-साडेसहाला पाटन ढोका, सातच्या आत स्वथ. यापेक्षा उशीर होत असेल तर वाटेत रेंगाळू नका, सरळ टप्पा ४ गाठा.

टप्पा ४: उत्तर टोक, मंगहिटी

स्वथकडून स्क्वेअरमध्ये शिरलात की डोळे आपोआप देवळांकडे वळतात. वळू देऊ नका. आधी डावीकडे, राजवाड्याच्या उत्तर कोपऱ्यापाशी जमिनीत एक मोठा खड्डा दिसेल. त्याच्या तोंडाशी दोन लाकडी मंडप. हा मंगहिटी. या पाणवठ्याचा इतिहास इसवी ५७० पर्यंत मागे जातो, म्हणजे आजूबाजूचं सगळं नंतरचं. मगरीसारखी तोंडं असलेल्या तीन दगडी धारा, आणि सकाळी त्यांच्याखाली ओळीनं ठेवलेल्या गागरी, प्लॅस्टिकचे डबे.

बहुतेक जण कठड्यावरून वाकून फोटो काढतात आणि पुढे जातात. पायऱ्या उतरून खाली जा. खाली गेलं की वरचा आवाज एकदम कमी होतो आणि धारेच्या मुखावरची मगर, तिच्या जबड्यातून निघालेलं पाणी हे सगळं डोळ्यांच्या उंचीवर येतं. पाणी भरणाऱ्यांची रांग मोडू नका, त्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका. आत्या तिथल्या एका म्हातारीशेजारी पायरीवर वीस मिनिटं बसली होती. ही मराठीत बोलत होती, ती नेवारीत. गुडघ्यावर हात ठेवून दोघींनी माना डोलावल्या, यावरून विषय मला कळला.

*इशारा:* पायऱ्या शेवाळलेल्या असतात. ज्येष्ठांनी कठड्याचा आधार सोडू नये. आणि पाणी पिऊ नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

टप्पा ५: देवळांची रांग, उत्तरेकडून दक्षिणेकडे

तिकिटाचा काउंटर उघडला असेल तर आता तिकीट घ्या, नसेल तर उघडल्याबरोबर. तिकीट फेकू नका. स्क्वेअर आणि राजवाड्यातलं संग्रहालय यांचं तिकीट एकच आहे आणि दुपारी ते दारात पुन्हा पाहतात.

पहिलं भीमसेनाचं तीन मजली मंदिर. आपला भीम गदेचा, इथला भीमसेन व्यापाऱ्यांचा देव. दुकान उघडण्याआधी लोक इथे टेकून जातात, सकाळी हे पाहायला मिळतं. दुसरं विश्वनाथ, १६२७ चं. पुढे दोन दगडी हत्ती, मागच्या बाजूला नंदी. लोक हत्तींबरोबर फोटो काढून निघतात आणि नंदी राहून जातो, म्हणून प्रत्येक देवळाला पूर्ण फेरी मारा, उजवा हात देवाकडे ठेवून. फेरी मारताना मान वर करा: टुंडालांवर वरच्या भागात देवता आणि त्यांच्या पायाशी बारीक चित्रं असतात. विश्वनाथाच्या टुंडालांवरची काही चित्रं पोरांसमोर समजावून सांगण्याजोगी नाहीत, एवढी कल्पना असू द्या.

तिसरं कृष्ण मंदिर. इथे घाई केलीत तर पाटनला येण्यात अर्थ नाही.

पाटनचा राजा सिद्धिनरसिंह मल्ल यानं बांधलेलं हे देऊळ आसपासच्या विटा-लाकडाच्या देवळांत पूर्ण दगडी आहे आणि छपराऐवजी शिखराचं आहे. वर २१ सोनेरी कळस. समोर उंच खांबावर हात जोडलेला गरुड. पाहायचा क्रम असा ठेवा. आधी गरुडाच्या खांबापाशी उभं राहून पूर्ण देऊळ एकदा. मग जवळ जाऊन पहिल्या मजल्याच्या खांबांवरची दगडी पट्टी शोधा: तळहाताएवढ्या आकृत्यांची रांग, रथ, धनुष्यं, घोडे. हे महाभारत. त्याच्या वरच्या मजल्यावर तशीच पट्टी, ते रामायण. प्रसंगांखाली नेवारीत नावं कोरलेली आहेत. खालून नुसत्या डोळ्यांना ही पट्टी ‘काहीतरी नक्षी’ वाटते आणि इथेच निम्मे लोक पुढे सरकतात. फोनचा कॅमेरा झूम करा आणि एकेक चौकट सावकाश सरकवत न्या. फोटो काढायचा नाही, वाचायचं आहे. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवर आपली माणसं इथे कुठल्याही परदेशी पाहुण्याला मागे टाकतात. शेजारी उभ्या असलेल्या जाडजूड पुस्तकवाल्या बाईंना मी दोन प्रसंग सांगितले. एक चुकीचा निघाला, पण ते नंतर.

आत प्रवेश फक्त हिंदूंना आहे. चालू असेल तर चप्पल काढून जा. आत कृष्ण आहे, त्याच्या वर शिव आणि त्याच्याही वर लोकेश्वर, म्हणजे बौद्धांचा अवलोकितेश्वर. एकाच देवळात तीन मजल्यांवर तीन घरं.

*इशारा:* आतला जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. पाठीवरची सॅक बरोबरच्या कोणाकडे देऊनच चढा.

पुढचं सगळं भराभर पाहिलं तरी चालेल, फक्त वगळू नका. जगन्नारायण, ज्याला चारनारायणही म्हणतात, हे विटांचं आणि १५६५ चं, म्हणजे रांगेतलं सर्वांत जुनं. मग राजा योगनरेंद्र मल्लाचा खांब: वर गुडघे टेकून बसलेला राजा, त्याच्या डोक्यावर फणा काढलेला नाग आणि नागाच्या डोक्यावर चिमणीएवढा पक्षी. तो पक्षी उडून जाईपर्यंत राजा परत येऊ शकतो, अशी इथली समजूत. मग हरिशंकर, मग तलेजू देवीची घंटा आणि शेवटी दक्षिण टोकाला अष्टकोनी दगडी च्यासिं देवल, १७२३ चं.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात यातली दोन देवळं, चारनारायण आणि हरिशंकर, जमीनदोस्त झाली आणि मंगहिटीजवळचे मंडपही कोसळले. खांबावरचा राजाही खाली आला होता. आता सगळं पुन्हा उभं आहे. ‘म्हणजे हे नवीनच ना?’ असं नाक मुरडून पुढे जाणारे बरेच पाहिलेत. थांबा आणि लाकडाचा रंग बघा. फिकट, पिवळट लाकूड नवं; काळपट, गुळगुळीत झालेलं लाकूड ढिगाऱ्यातून वेचून पुन्हा बसवलेलं. एकाच टुंडालाच्या ओळीत दोन्ही रंग सापडतील. हरिशंकराला ही शोधाशोध सगळ्यात सोपी जाते.

*तपासा:* नऊ वाजले का? भूक लागली असेल. आता खा, कारण पुढचा टप्पा रिकाम्या पोटी कंटाळवाणा होतो.

खाण्याबद्दल थोडं. ‘बारा’ म्हणजे उडदाच्या वाटलेल्या डाळीचा जाड, तव्यावरचा वडा, नेवारीत ‘व’. ‘चतांमरी’ म्हणजे तांदळाच्या पिठाचं, आपल्या घावनाच्या जातीचं. ‘चिउरा’ म्हणजे पोहे, पण भिजवलेले नाहीत, फोडणी नाही, तसेच कोरडे ताटात. आत्यानं ताटाकडे पाहून ‘हे करायचं राहिलंय का?’ असं विचारलं होतं.

*इशारा:* ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस. मोमोत, बाऱ्यावर, चतांमरीवर ते सर्रास असतं, आणि ‘समय बजी’ नावाच्या थाळीत मांस गृहीतच धरलेलं असतं. शाकाहारी असाल तर ऑर्डर देताना ‘भेज’ म्हणा आणि अंडंही नको असेल तर ते वेगळं सांगा.

टप्पा ६: उत्तरेची फेरी, सुवर्ण मंदिर आणि कुंभेश्वर

आता स्क्वेअर सोडून परत उत्तरेला चाला. पाच-सात मिनिटांवर हिरण्यवर्ण महाविहार, लोकांच्या तोंडी सुवर्ण मंदिर. बाहेरून काहीच दिसत नाही: गल्लीत एक दार, दोन दगडी सिंह. हे दार चुकवून पुढे जाणं ही नेहमीची गोष्ट. आत गेलं की सोन्याच्या पत्र्यानं मढवलेला दर्शनी भाग, अंगणात फिरणारी कासवं, आणि पूजेला बारा वर्षांखालचा मुलगा, जो तीस दिवस ही जबाबदारी सांभाळतो. त्याला हात लावायचा नाही, ‘किती गोड’ म्हणून गालगुच्चा तर नाहीच.

मधल्या अंगणात उतरायचं तर कातडी वस्तू चालत नाहीत. माझ्या पर्सचा पट्टा कातडी होता. मग आत्या आत, मी पर्स धरून कडेला. नंतर मी आत, आत्या कडेला. एकत्र पाहायचं राहिलंच. आणि इथे वेगळं, छोटं तिकीट लागतं; सकाळचं दाखवून वाद घालू नका.

तिथून आणखी उत्तरेला कुंभेश्वर, पाच छपरांचं शिवमंदिर, १३९२ चं. आवारातल्या कुंडाचं पाणी डोंगरातल्या गोसाईंकुंड तळ्यातून येतं अशी श्रद्धा आहे, म्हणून जनै पूर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला, इथे जत्रा भरते. त्या दिवशी जानवं बदलायला आणि मनगटाला दोरा बांधून घ्यायला लोक येतात.

*इशारा:* या गल्ल्यांत ‘मी चित्रकलेचा विद्यार्थी, फक्त बघा, घेऊ नका’ म्हणत कोणी गाठलं तर ती थांका, म्हणजे कापडावरच्या बौद्ध धार्मिक चित्रांच्या, दुकानाची वाट आहे. घ्यायचं असेल तर खुशाल जा, नसेल तर चहाही घेऊ नका. चहा घेतला की नाही म्हणणं जड जातं.

टप्पा ७: दुपार, राजवाड्याच्या आत

ऊन डोक्यावर आलं की बाहेरच्या दगडावर रंग राहत नाहीत. हीच आत जायची वेळ. राजवाड्यात तीन चोक आहेत, उत्तरेकडून केशवनारायण, मूळ आणि सुंदरी. केशवनारायण चोकातच १९९७ मध्ये सुरू झालेलं पाटन संग्रहालय आहे.

संग्रहालय आधी, बाकी चोक नंतर. कारण मूर्ती ओळखायच्या कशा, हातातल्या वस्तूंवरून, मुद्रांवरून, वाहनांवरून, हे इथल्या दालनांत नीट समजावलंय; मूर्ती ओतायची मेणाची पद्धतही टप्प्याटप्प्यानं दाखवली आहे. हे पाहून मूळ चोकात गेलात तर समोरचं वाचता येतं, आधी गेलात तर नुसतं बघता येतं. कृष्ण मंदिरापाशी मी बाईंना सांगितलेला प्रसंग चुकीचा होता, हे मला या दालनांतच कळलं. बाई तोवर निघून गेल्या होत्या. वरच्या मजल्यावर झ्यालांच्या आत बसायची जागा आहे. तिथून सकाळी पाहिलेलं स्क्वेअर वरून दिसतं. दहा मिनिटं बसा, पायांनाही बरं वाटतं.

*इशारा:* दारं बुटकी आहेत, चौकटी जाड. ‘वाकलो होतो की’ म्हणणाऱ्यांच्याच कपाळावर टेंगूळ येतं. उंबरा ओलांडताना नजर खाली जाते आणि डोकं वर जातं. आधी डोकं, मग पाय.

मूळ चोकात मधोमध सोनेरी मुलाम्याचं छोटं देऊळ आहे आणि दक्षिणेच्या दाराशी गंगा-यमुनेच्या उभ्या मूर्ती. हे दार तलेजूचं. आतला गाभारा एरवी सर्वांना खुला नसतो, पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. नाव ऐकून आपल्याकडच्या कोणालाही तुळजाभवानी आठवते. सिम्रौनगढच्या कर्नाट राजांबरोबर ही देवी खोऱ्यात आली असं तिथे सांगतात, आणि ते राजघराणं मूळचं दक्षिणेतलं. आत्यानं बाहेरूनच ओटीचा ब्लाउजपीस उंबऱ्याशी ठेवला. कोणी अडवलं नाही.

शेवटी सुंदरी चोक. मधोमध जमिनीत लांबट गोल दगडी हौद: तुसाहिटी, राजाचा स्नानाचा हौद. भिंतींवर ओळींनी देवता कोरलेल्या आहेत. वरच्या कडेला कृष्ण मंदिराची छोटी दगडी प्रतिकृती शोधा. सकाळी मूळ देऊळ सावकाश पाहिलं असेल तर ती लगेच सापडते.

पाय शिल्लक असतील तर इथून आग्नेयेला दहा मिनिटांवर महाबौद्ध आहे, बारीक बुद्धमूर्तींच्या विटांनी मढवलेलं. त्या वाटेवर तांबटांच्या हातोड्यांचा आवाज येत राहतो. मूर्ती घ्यायची असेल तर स्क्वेअरमधल्या दुकानांपेक्षा इथे विचारा. थकला असाल तर सोडा.

टप्पा ८: संध्याकाळ, एकाच जागी

चारच्या सुमारास स्क्वेअरमध्ये परत या आणि या वेळी पाठ देवळांकडे करा. ऊन आता राजवाड्यावर आहे. संग्रहालयाचं सोनेरी दार आणि त्यावरची सोनेरी खिडकी सकाळी सावलीत होती, आता चमकते. दक्षिणेकडे चालत सुंदरी चोकाच्या दाराशी गणपती, हनुमान आणि नरसिंह हे तीन द्वारपाल पाहा. लाकडी झ्यालांची जाळी याच तिरप्या उन्हात उठून दिसते. फोटो काढायचे ते आत्ता. सकाळी राजवाड्याचे काढलेले पुसून टाकावे लागतात.

मग राजवाड्याच्या भिंतीला लागून जो लांब ओटा आहे, त्यावर जागा धरा. तिथे कॉलेजची मुलं, दमलेले आजोबा, भाजी घेऊन निघालेल्या बायका सगळे बसतात. देवळांच्या पायऱ्यांवर बसायचं तर आधी स्थानिक लोक बसलेत का ते पाहा. कार्तिक महिन्यात आलात तर अंधार पडल्यावर लगेच निघू नका. सिद्धिनरसिंह मल्लानं सुरू केलेला कार्तिक नाच इथल्याच दगडी ओट्यावर होतो.

*इशारा:* ड्रोन उडवू नका, परवानगी लागते. पाटनची स्वतःची कुमारी, म्हणजे जिवंत देवी मानलेली मुलगी, आहे. तिच्या घराशी जाऊन फोटोसाठी खिडकीत डोकावू नका.

परत जाताना मंगलबजारला टॅक्सी धरू नका, संध्याकाळी तिथली वाहनं जागची हलत नाहीत. सकाळच्याच वाटेनं स्वथमार्गे पाटन ढोक्याला चालत जा आणि तिथे गाडी ठरवा. भाडं सांगितलं की बसण्याआधी विचारा: आयसी की एनसी?